लोकसभा अध्यक्षांना खुले पत्र: पुण्याचं मत कुठल्या बाजूला पडलं?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि नियम समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,
लोकसभा, नवी दिल्ली.

माहितीसाठी प्रत: मा. खासदार, पुणे लोकसभा मतदारसंघ.

विषय: आमच्या खासदाराचं मत नोंदवून घेण्याबाबत आणि ते आम्हाला दाखवण्याबाबत.

महोदय,

जुलै २०२४ च्या अखेरीस, धो धो पावसात, आमच्या इमारतीखालून माझी स्कूटर चोरीला गेली. चौकीत तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारांनी कलम घातलं ३०३ (२). मी म्हटलं, "अहो, चोरीचं ३७९ ना?" जन्मभर ऐकलेला आकडा. त्यांनी मान वर केली नाही. "काका, ते गेलं. एक तारखेपासून नवीन. आम्हीपण बघून बघूनच लिहितोय." टेबलाच्या काचेखाली एक झेरॉक्स होती. डाव्या रांगेत जुनी कलमं, उजव्या रांगेत नवी, आणि काही ठिकाणी पेनानं केलेल्या खुणा. १८६० पासूनचं भारतीय दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली म्हणजे काय झालं, हे मला त्या काचेखाली दिसलं.

कायदा चांगला की वाईट, हा या पत्राचा विषय नाही. घरी आल्यावर मी एवढंच बघायला गेलो की या कायद्यावर माझ्या वतीनं कोणी आणि काय मत दिलं. त्यात चार दिवस गेले आणि उत्तर मिळालं नाही. हे पत्र त्या न मिळालेल्या उत्तराबद्दल आहे.

मी हे शोधत का बसलो, तेही सांगतो. माझे वडील एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. किराणा दुकानात उधारी मांडायला असते तशी लाल कापडी पाठीची एक लांबट वही त्यांनी १९६७ साली घातली, एस. एम. जोशी पुण्यातून लोकसभेवर गेले तेव्हा. तिच्यात चार रकाने आहेत: साल, कोण आलं, किती मतांनी, आणि शेवटचा 'सभागृहात काय केलं'. वडील गेल्यापासून वही मी चालवतो. १९६७ ते २०२४ म्हणजे पंधरा निवडणुका आणि दहा माणसं: एस. एम. जोशी, मोहन धारिया, विठ्ठलराव गाडगीळ, अण्णा जोशी, सुरेश कलमाडी, विठ्ठल तुपे, प्रदीप रावत, अनिल शिरोळे, गिरीश बापट, मुरलीधर मोहोळ. समाजवादी, काँग्रेस, जनता पक्ष, भाजप, पुण्यानं सगळ्यांना कधी ना कधी दिल्ली दाखवली आहे, आणि वेळ आली तेव्हा सगळ्यांना परतही बोलावलं आहे.

पहिले तीन रकाने तुडुंब भरलेत. २०१९ ला बापट सव्वातीन लाखांच्या जवळपास मतांनी आले, २०२४ ला मोहोळ १,२३,०३८ मतांनी आले. हे आकडे कोणीही चुटकीसरशी देतं. पंचाईत आहे ती चौथ्या रकान्याची.

त्यातली सगळ्यात भरगच्च नोंद धारियांच्या नावापुढे आहे. १९७१ ला ते काँग्रेसतर्फे निवडून आले आणि पुढे मंत्री झाले. जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा असं उघडपणे म्हणाले, म्हणून मार्च १९७५ मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं. आणीबाणीत ते तुरुंगात होते. १९७७ च्या ओळीत वडिलांनी लिहिलंय: "पुन्हा धारिया. पक्ष दुसरा, माणूस तोच." सभागृहात माणूस काय करतो ते गावाला दिसत होतं, आणि त्यावरून गावानं त्याला परत पाठवलं होतं. १९९९ च्या एप्रिलातली नोंद तर दोन आकड्यांचीच आहे, २६९–२७०, खाली लाल शाईच्या दोन रेघा. वाजपेयी सरकार एका मतानं पडलं तो दिवस. एका मतदारसंघाचं एक मत म्हणजे काय चीज असते, हे त्या दिवशी शाळकरी पोरांनाही कळलं होतं.

आता माझी नोंद बघा. "२०-१२-२०२३, भारतीय न्याय संहिता, लोकसभेत मंजूर. पुण्याचं मत:" आणि पुढे काही नाही.

काही नाही, याचं पहिलं कारण म्हणजे त्या दिवशी पुण्याला खासदारच नव्हता. गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी गेले. १९९५ पासून सलग पाच वेळा कसब्याचे आमदार, मग खासदार. माणूस कुठल्याही पक्षाच्या कट्ट्यावर बसून चहा पिणारा. त्याच फेब्रुवारीत कसब्याच्या पोटनिवडणुकीच्या प्रचारात, नाकात ऑक्सिजनची नळी लावून, चाकांच्या खुर्चीत बसून ते केसरीवाड्यात आले होते, ते आम्ही पाहिलंय. कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या आणि २६ फेब्रुवारीला तिथे मतदान झालंसुद्धा, म्हणजे दोन महिन्यांत. विधानसभेच्या एका जागेसाठी जमलं ते लोकसभेच्या जागेसाठी जमलं नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१ अ म्हणतं की रिकामी जागा सहा महिन्यांत भरा; मुदत वर्षाहून कमी उरली असेल किंवा निवडणूक घेणं अवघड असेल तर सूट. आमच्या वेळी मुदत वर्षाहून जास्त उरली होती. मुंबई उच्च न्यायालयानं १३ डिसेंबर २०२३ ला पोटनिवडणूक तातडीनं घ्यायला सांगितलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. २९ मार्च २०२३ ते ४ जून २०२४ हे मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले: ४३३ दिवस.

पोटनिवडणूक हा निवडणूक आयोगाचा विषय, तुमच्या समितीचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या ४३३ दिवसांत सभागृह काही थांबलं नव्हतं. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाली. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा ज्या शहरात सुरू झाली, त्या शहराचं मत त्या ४५६ मध्ये नाही. ही गोष्ट आमच्या हिला सांगितली तेव्हा ती भाजी चिरता चिरता थांबली आणि म्हणाली, "कुणी विचारलं कसं नाही मग?" विचारलं होतं हो. न्यायालयात जाऊन विचारलं होतं.

बरं, पुण्याची जागा रिकामी, तर शेजारी तरी? १९ डिसेंबरला, म्हणजे न्याय संहिता मंजूर झाली त्याच्या आदल्या दिवशी, बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि शिरूरचे अमोल कोल्हे हे दोघंही इतर विरोधी खासदारांबरोबर उरलेल्या अधिवेशनासाठी निलंबित झाले. चूक कोणाची, यात मी शिरत नाही. मी नुसती बेरीज करतो. पुणे जिल्ह्यात लोकसभेच्या जागा चार: एक रिकामी, दोन निलंबित. चोरीपासून खुनापर्यंतचा सगळा फौजदारी कायदा बदलला त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यातून मत देऊ शकणारा एकच खासदार उरला होता, मावळचा, आणि मावळ मतदारसंघ निम्मा रायगडात आहे.

पण खरी गंमत पुढेच आहे. समजा त्या दिवशी पुण्याला खासदार असता, तब्येतीनं ठणठणीत, पहिल्या बाकावर हजर. तरीही माझ्या वहीतला रकाना कोराच राहिला असता. कारण ते विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमधल्या माहितीबद्दलचं विधेयक आलं, तेही आवाजी. सरकारवरचा अविश्वास ठराव फेटाळला गेला, तोही आवाजी. कृषी कायदे आठवतात? सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत आवाजी. ज्यांच्यावरून देशभर आंदोलन झालं आणि जे शेवटी मागे घेतले गेले, त्या कायद्यांवर लोकसभेत कोण 'होय' म्हणालं आणि कोण 'नाही', याची नावानिशी यादी आज कोणालाच दाखवता यायची नाही.

मी तुमचा नियम ३६७ वाचला. चर्चा संपली की अध्यक्ष प्रश्न मताला टाकतात; होयवाले 'होय' म्हणतात, नाहीवाले 'नाही', आणि आवाजावरून निर्णय जाहीर होतो. कोणी हरकत घेतली तर लॉबी मोकळी करायची, साडेतीन मिनिटं थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. पुन्हा हरकत आली तर मतविभाजन: आपल्या जागेवर बटण दाबायचं, होयला हिरवा, नाहीला लाल, तटस्थाला पिवळा. पण त्याच नियमात एक परंतुक आहे. मतविभाजन विनाकारण मागितलं जातंय असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून डोकी मोजू शकतात, आणि तेव्हा मत देणाऱ्यांची नावं नोंदवायची नाहीत. वडिलांच्या पेनानं मी त्या 'नाहीत' खाली रेघ मारली आहे. डोकी मोजायची, पण कोणाची ते लिहायचं नाही, याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मी आमच्या सोसायटीचा अकरा वर्षं सचिव होतो. अठ्ठावीस सदनिका. दर सप्टेंबरात वार्षिक सभा, पार्किंगमध्ये भाड्याच्या खुर्च्या, शेवटी वेफर्स आणि बर्फी. तिथे ठराव मांडला की सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूनं किती, विरोधात किती, सगळं इतिवृत्तात येतं. लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट बदललं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठून म्हणाल्या, "माझा विरोध आहे आणि तो नावासकट लिहा." मी लिहिला. आठ वर्षांनी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत त्यांचेच यजमान. काकू इतिवृत्ताची वही मागून घेऊन खाली आल्या आणि ते पान काढून माझ्यापुढे धरलं. काही बोलल्या नाहीत. अठ्ठावीस घरांच्या लिफ्टसाठी जे पाळतो ते ५४३ जणांच्या सभागृहात दंडसंहितेसाठी पाळलं जात नाही, हे त्यांना कसं सांगू?

म्हणाल, घटनादुरुस्तीला मतविभाजन होतंच की. होतं; घटनेनंच दोन तृतीयांशाची अट घातली आहे, मोजल्याशिवाय इलाज नाही. पण मोजता येतं हे त्यातूनच सिद्ध होतं ना? मतनोंदणीचं यंत्र लोकसभेत १९५७ पासून आहे; त्या वर्षी पुण्यानं नानासाहेब गोऱ्यांना निवडून दिलं होतं, इतकी जुनी गोष्ट. नव्या इमारतीत १७ डिसेंबर २०२४ ला 'एक देश, एक निवडणूक' विधेयक नुसतं मांडायचं की नाही यावर मतविभाजन झालं. यंत्र नवीन, ज्यांना जमलं नाही त्यांनी चिठ्ठ्या दिल्या, सगळं जमेस धरून २६९ विरुद्ध १९८. विधेयक मांडण्यासाठी हे करता येतं, तर मंजूर करताना का नाही? वेळेचं कारण सांगू नका. साडेतीन मिनिटं हा तुमच्याच नियमातला आकडा आहे.

मतविभाजन झालं तरी ते आमच्यापर्यंत पोचतं कसं, हेही सांगायला हवं. खासदाराच्या नावानं शोधलं की त्यानं विचारलेले प्रश्न मिळतात, भाषणं मिळतात. मत मिळत नाही. त्यासाठी कुठल्या तारखेला मतविभाजन झालं ते आधी आपल्याला माहीत हवं, मग त्या दिवसाचं कामकाज उघडायचं, मग नावांच्या याद्यांतून आपला माणूस हुडकायचा. मी मुद्रितशोधकाचा मुलगा, मला सवय आहे. बाकीच्यांनी हे का करावं? ज्या इंग्लंडकडून आपण ही 'होय-नाही'ची पद्धत घेतली, तिथे आज कुठल्याही खासदाराचं नाव टाकलं की नोंदवलेली मतं तारीखवार पुढ्यात येतात.

यावर एक पेठी उत्तर मला आमच्या कट्ट्यावरच मिळालं: "काय करायचीय नोंद? व्हिप निघतो, सगळे एकाच बाजूला." बरोबर आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं दहावी अनुसूची आली. व्हिप म्हणजे पक्षादेश; तो मोडून मत दिलं, किंवा दिलंच नाही, आणि पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९२ मध्ये हा कायदा वैध ठरवताना, व्हिपचा हा बडगा विश्वासमतापुरता आणि पक्षाच्या मोठ्या धोरणापुरताच असावा, असंही म्हटलं होतं. व्हिप कशाकशासाठी निघतात ते आम्हाला कळतच नाही, कारण ते छापून येत नाहीत. मग माझं म्हणणं असं, की व्हिपमुळेच मत ठरत असेल तर तेही लिहा. "पुणे: होय, पक्षादेशानुसार." रकाना निदान खरा तरी भरेल.

विरोधी पक्षांनाही यात सोडता येत नाही. मतविभाजन मागायचा हक्क त्यांना आहे. पण पुष्कळदा मताच्या वेळेपर्यंत ते सभात्याग करून बाहेर पायऱ्यांवर फलक धरून उभे असतात. फोटो छान येतो. नोंद येत नाही.

आणि आमच्या सध्याच्या खासदारांविषयी. ते जून २०२४ पासून केंद्रात सहकार आणि नागरी विमान वाहतूक खात्यांचे राज्यमंत्री आहेत. पुण्याला मंत्रिपद मिळालं, आनंद आहे. पण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, हजेरीपटावर सही करत नाहीत, खाजगी विधेयक मांडत नाहीत. म्हणजे इतर खासदारांना ज्या मोजमापांनी मोजतात ती सगळी आमच्या बाबतीत बाद. मोजण्यासारखं एकच उरतं, मत. आणि तेच लिहिलं जात नाही.

मी स्वतः कोणाला मत दिलं ते या पत्रात कुठेही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. माझं मत गुप्त राहावं म्हणून कायद्यानं पुठ्ठ्याचा आडोसा दिला आहे. माझ्यावर कोणी दडपण आणू नये म्हणून. तुमच्या सभागृहात मात्र तुम्ही स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी मत देता. ते माझ्यापासूनच आडोशाला ठेवायचं कारण काय?

तेव्हा मागण्या पुढीलप्रमाणे.

१. कुठलंही विधेयक मंजूर करताना शेवटचं मतदान नावानिशी नोंदवलं जावं, कोणी मागो न मागो. कलमवार आणि दुरुस्त्यांवरची मतं आवाजी राहिली तरी माझी हरकत नाही. दिवस पुरायचा नाही हे समजतं.

२. नियम ३६७ मधलं 'नावं नोंदवायची नाहीत' हे परंतुक काढून टाकावं.

३. प्रत्येक खासदाराच्या पानावर 'मत' असा रकाना असावा: होय, नाही, तटस्थ, गैरहजर, निलंबित. जागा रिकामी असेल तर मतदारसंघाच्या नावापुढे 'जागा रिक्त' असं लिहून किती दिवस तेही लिहावं. आणि हे मराठीतूनही वाचता यावं.

४. ज्या मतदानाला व्हिप निघाला असेल तिथे तो प्रत्येक पक्षानं अध्यक्षांकडे द्यावा आणि मतांच्या यादीशेजारी तो छापावा.

पुण्याच्या खासदारांना वेगळी विनंती. नियम बदलायला वर्षं लागतील. तुम्हाला थांबायचं कारण नाही. दर अधिवेशन संपलं की एका कागदावर लिहा: ही विधेयकं आली, या वेळी मी सभागृहात होतो, या वेळी नव्हतो, याला होय म्हणालो. कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावा. मंत्री म्हणून सगळीकडे 'होय'च असेल, असू द्या. कसबा, कोथरूड, शिवाजीनगर, पर्वती, कॅन्टोन्मेंट, वडगाव शेरी, सहाही ठिकाणची माणसं येऊन वाचतील आणि शुद्धलेखनाच्या चुकाही काढतील, त्याची तयारी ठेवा.

उत्तर मराठीत आलं तर बरं. हिंदी चालेल. आपलं पत्र मिळालं, योग्य त्या विभागाकडे पाठवलं आहे, एवढंच कळवणार असाल तर तो विभाग कोणता तेही लिहावं, म्हणजे पुढचं पत्र मी थेट तिकडे टाकीन.

कळावे,

आपला,
एक मतदार,
पुणे लोकसभा मतदारसंघ क्र. ३४

ता. क.: स्कूटर अजून मिळालेली नाही. त्याबद्दल आपल्याकडे तक्रार नाही.